गॅसची गोळी आणि पोटातला जंतू

दारव्हा, वणी, पुसद, पांढरकवडा, कुठल्याही बस स्टँडसमोरच्या मेडिकलवर थोडा वेळ उभं राहा. सगळ्यात जास्त काय खपतं ते कुणाला विचारावं लागत नाही. ‘गॅस पकडला’, ‘छातीत जळजळते’, ‘जेवन जात नाही’, ‘पोट डब्ब झालं’, या सगळ्या तक्रारींना काउंटरवर एकच उत्तर असतं. दुकानदार मान न वळवता मागच्या खणात हात घालतो आणि पट्टी कापून चार गोळ्या पुढे करतो. निंदण-वेचणीच्या दिवसांत सोबत अंगदुखीची गोळी जाते, अंगदुखीच्या गोळीनं पोट बिघडतं म्हणून पुन्हा गॅसची. वर्षानुवर्षं ही गोळी घेणारी माणसं गावोगाव आहेत आणि आपण आजारी आहोत असं त्यांतल्या फारच थोड्यांना वाटतं. गॅस हा आपल्याकडे आजार नाहीच. तो वयाचा भाग आहे, चहाचा परिणाम आहे, काळजीचं फळ आहे.

या गोळीवर माझा आक्षेप ती वाईट आहे म्हणून नाही. आम्ल कमी करणारी औषधं उपयोगी आहेत, अल्सरच्या रुग्णाला त्यांनी अक्षरशः ऑपरेशनच्या टेबलावरून उठवलं आहे. माझा आक्षेप तिनं बळकावलेल्या जागेवर आहे. ती निदानाच्या जागी बसली आहे. जठराच्या कॅन्सरचं मुख्य कारण माहीत होऊन तीन दशकं उलटली तरी आपल्या जिल्ह्यांत त्या कारणाचं नावही कुणी घेत नाही, यात या गोळीचा मोठा हात आहे.

ते कारण म्हणजे एक जंतू, हेलिकोबॅक्टर पायलोरी. जंतूमुळे कॅन्सर होतो ही कल्पना वैद्यकाला सहज पचलेली नाही, आणि त्याला कारणही तसंच घडलं होतं. डेन्मार्कच्या योहानेस फिबिगर यांनी झुरळांमार्फत उंदरांच्या पोटात जाणाऱ्या एका कृमीमुळे जठराचा कॅन्सर होतो असं दाखवलं आणि त्यांना 1926 चं नोबेल मिळालं. पुढे लक्षात आलं की उंदरांच्या पोटातल्या त्या गाठी बहुतेक कॅन्सरच्या नव्हत्याच, आणि खरा दोष ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा होता. नोबेल समितीची ही फजिती इतकी झोंबली की पेटन रूस यांनी कोंबडीच्या कॅन्सरचा विषाणू 1911 मध्ये दाखवूनही त्यांना नोबेल मिळायला 1966 उजाडलं. जठरात तर जंतू जगूच शकत नाही, तिथे आम्ल असतं, हे पुस्तकी सत्य होतं.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन हे पॅथॉलॉजिस्ट मात्र जठराच्या तुकड्यांमध्ये वाकडे जंतू पाहत होते. तरुण डॉक्टर बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले. जंतू प्रयोगशाळेत वाढता वाढेना. 1982 च्या ईस्टरच्या सुट्टीत बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि जंतू वाढलेला सापडला. तरी कुणी ऐकेना, तेव्हा 1984 मध्ये मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन टाकला आणि काही दिवसांतच जठराची सूज ओढवून घेतली. 1994 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं हा जंतू निःसंशय कॅन्सरकारक म्हणून पहिल्या गटात टाकला. तंबाखूचा धूर त्याच गटात आहे. 2005 मध्ये वॉरन आणि मार्शल यांना नोबेल मिळालं.

जंतूचं काम संथ आहे. तो युरिएज नावाच्या विकराच्या मदतीनं स्वतःभोवती अमोनिया तयार करतो, आम्ल बोथट करतो आणि जठराच्या चिकट थरात शिरतो. बहुधा लहानपणी, दहा वर्षांच्या आतच, घरच्याच माणसांकडून येतो आणि औषध मिळालं नाही तर जन्मभर राहतो. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. पण सूज चालू असते. दहा-वीस-तीस वर्षांत काहींच्या जठरातल्या ग्रंथी झिजतात, अस्तर आतड्यासारखं बदलू लागतं, मग पेशी बिघडतात. लागण झालेल्या शंभरांतल्या एक ते तीन जणांना कॅन्सर होतो. हे प्रमाण क्षुल्लक वाटतं, पण उलट बाजूनं पाहिलं की चित्र पालटतं. जपानमध्ये नाओमी उएमुरा आणि सहकाऱ्यांनी 1,526 रुग्णांवर सरासरी 7.8 वर्षं लक्ष ठेवलं. लागण असलेल्या 1,246 जणांपैकी 36 जणांना जठराचा कॅन्सर झाला, लागण नसलेल्या 280 पैकी एकालाही नाही. 2001 मध्ये हे प्रसिद्ध झालं. जपाननं 2013 पासून जंतूमुळे जठराला सूज असलेल्या प्रत्येकाच्या औषधाचा खर्च विम्यात घेतला.

मग भारतात काय? इथे गोष्ट अडते, आणि अडते ते बरंच आहे, कारण एवढ्यावरून ‘सगळ्यांना गोळ्या वाटा’ म्हणणारे उत्साही लोक मला घाबरवतात. भारतात प्रौढांमध्ये या जंतूचं प्रमाण निम्म्याहून बरंच वर आहे. तरीही जठराचा कॅन्सर इथे जपान-कोरियाच्या मानानं फारच कमी. तज्ज्ञ याला कोडं म्हणतात. आपल्याकडचा जंतू पूर्व आशियातल्या जंतूइतका विषारी नाही, हे त्यावरचं एक उत्तर. जठराच्या पेशीत तो टोचतो ते कॅगए प्रथिन इथे पाश्चात्त्य धाटणीचं असतं, आणि पूर्व आशियाई धाटणी अधिक घातक मानली जाते. हळदीला आणि डाळीला श्रेय देणारे लेखही खूप आहेत. वाचायला बरे वाटतात, पुरावा मात्र पातळ आहे.

या कोड्याचं आणखी एक उत्तर माझ्या मते यवतमाळ जिल्ह्यात आहे, अर्धंच असलं तरी. राष्ट्रीय कर्करोग नोंदणीचा 2012 ते 2016 चा अहवाल पाहिला तर पुरुषांमधला सर्व कॅन्सरचा सर्वांत जास्त दर मिझोराममधल्या ऐझॉल जिल्ह्यात आहे, लाखामागे 269.4. तिथल्या पुरुषांमध्ये जठराचा कॅन्सर अगदी वरच्या क्रमांकावर असतो, धुरावर सुकवलेलं मांस आणि तंबाखूच्या धुराचं पाणी या तिथल्या सवयींकडे संशोधक बोट दाखवतात. आणि देशात सर्वांत कमी दर कुठे? उस्मानाबाद-बीडमध्ये, 39.5. मराठवाड्याचा माणूस ऐझॉलच्या माणसापेक्षा जवळजवळ सातपट सुरक्षित आहे, यावर विश्वास ठेवायचा तर ठेवा. मला वाटतं त्या तफावतीतला काही भाग खरा आहे आणि काही भाग पोटाच्या दुर्बीण-तपासणीपर्यंत कधीच न पोचलेल्या माणसांचा आहे. यवतमाळ तर त्या अहवालाच्या यादीतही नाही. जवळचे वर्धा आणि नागपूर आहेत, वर्धा नदीच्या अलीकडच्या काठावरचा हा सोळा तालुक्यांचा जिल्हा नाही.

त्यात या जिल्ह्याची रचनाच अशी की त्याचे रुग्ण त्याला दिसत नाहीत. राळेगाव-कळंबचा माणूस सेवाग्राम किंवा सावंगीला जातो. वणी-मारेगावचा चंद्रपूर किंवा नागपूरला, तुकडोजी महाराजांच्या नावानं चालणाऱ्या प्रादेशिक कर्करोग रुग्णालयात. उमरखेड-पुसदचा नांदेडकडे पाहतो. पांढरकवड्याहून आदिलाबाद जवळ पडतं. यवतमाळला 1989 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण कॅन्सर जिल्ह्याबाहेर चारही दिशांना विखुरतो, मेलेला माणूस परत येतो आणि दाखल्यावर फार तर ‘पोटाचा आजार’ असं काहीतरी लिहिलं जातं. आकडा कमी म्हणून तपासणी नाही, आणि तपासणी नाही म्हणून आकडा कमी.

मी अर्धं उत्तर म्हणालो, कारण एक गोष्ट या तर्काला आडवी येते आणि ती लपवणं प्रामाणिक होणार नाही. मुंबईची नोंदणी 1964 पासून चालू आहे, देशातली पहिली. तिथे गल्लोगल्ली दुर्बीण आहे, टाटा रुग्णालय आहे. तरी मुंबईतही जठराचा कॅन्सर कमीच. म्हणजे कमतरता केवळ नोंदीची नाही, आजारही खरोखर कमी आहे. मान्य. पण ‘कमी’ हा दर आहे आणि माणसं संख्येनं मरतात. 2025 मध्ये नेचर मेडिसिनमध्ये आलेल्या एका अंदाजानुसार 2008 ते 2017 दरम्यान जन्मलेल्या जगभरच्या मुलांपैकी 1 कोटी 56 लाख जणांना आयुष्यात कधीतरी जठराचा कॅन्सर होईल, त्यांतल्या 76 टक्क्यांचं मूळ या जंतूत असेल, आणि चीन-भारताचा एकत्रित वाटा सुमारे 65 लाखांचा असेल. भारताचा दर वाढणार आहे म्हणून नव्हे, भारतातली माणसं जास्त जगणार आहेत म्हणून. तीस वर्षं संथ चालणारा आजार चाळिशीत मरणाऱ्यांच्या देशात दिसत नाही.

आता परत गोळीकडे. आम्ल दाबणारी आधुनिक गोळी घेतली की दुखणं थांबतं, जंतू मरत नाही. उलट आम्ल कमी झाल्यावर सूज जठराच्या खालच्या टोकाकडून वरच्या भागाकडे सरकते, आणि कॅन्सरच्या दृष्टीनं तीच सूज अधिक धोक्याची. शिवाय गोळी चालू असताना श्वासाची किंवा शौचाची तपासणी केली तर जंतू असूनही ‘नाही’ असा निकाल येऊ शकतो. निदान दोन आठवडे गोळी थांबवून मग तपासावं लागतं. म्हणजे ही गोळी रुग्णाला गप्प करते आणि तपासणीलाही. त्याआधीची रॅनिटिडिन, जी आपल्या आजीच्या बटव्यातही असायची, ती तर 2020 मध्ये अमेरिकेनं कॅन्सरकारक अशुद्धतेच्या कारणानं बाजारातून काढली आणि 2022 मध्ये भारताच्या आवश्यक औषधांच्या यादीतूनही गेली. मेडिकलवर तिची मागणी थांबली नाही, हा भाग वेगळा.

विदर्भात आणखी एक पडदा आहे तो रक्ताचा. साठीतला शेतमजूर थकला, पांढरा पडला की ‘रक्त कमी आहे’ एवढ्यावर विषय संपतो. इथे कुपोषण आहे, सिकलसेल आहे, त्यामुळे रक्त कमी असणं कुणाला खटकत नाही. लोहाच्या गोळ्या सुरू होतात. पण त्या वयाच्या माणसाचं लोह कमी होत असेल तर ते पोटातून झिरपत असू शकतं, हा प्रश्न विचारायला डांबरासारखं काळं शौच झाल्याची चौकशी करावी लागते. ही चौकशी फुकट आहे. तरीही ती होत नाही, कारण त्या मजुराच्या हातात आधीच गोळ्यांची पट्टी असते.

आपल्या कॅन्सरविषयीच्या विचाराला एक वळण पडलेलं आहे, तेही इथे आड येतं. डॉ. वसंत खानोलकरांनी टाटा रुग्णालयात भारतीय कर्करोग संशोधनाचा पाया घातला. तोंडाचा कॅन्सर आणि पानतंबाखू यांचं नातं त्या काळापासून आपल्या मनात पक्कं बसलं. ते खरंच आहे. यवतमाळात खर्रा चघळणाऱ्याचं तोंड उघडेनासं होतं हे कुणीही पाहू शकतो, आणि विडी-सिगारेटनं जठराचा कॅन्सरही वाढतो. पण यातून कॅन्सर म्हणजे व्यसनाची शिक्षा असा हिशेब तयार झाला. जिनं आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही त्या बाईला जठराचा कॅन्सर निघाला की घरचे चक्रावतात, मग ठेच्याला दोष देतात, मग कर्माला. ठेचा बहुतांशी निर्दोष आहे. मीठ तेवढं निर्दोष नाही, खारवलेले पदार्थ जंतूचं काम सोपं करतात. पण मुख्य गोष्ट अशी की ही लागण त्या बाईनं केलेली निवड नव्हती. ती तीन-चार वर्षांची असताना एका अंथरुणात पाच जण झोपणाऱ्या घरात लागण तिच्यात आली. आईनं चावून भरवलेल्या घासातून, भावाच्या उलटीतून, हात न धुता माठात बुडवलेल्या गडव्यातून. नेमका कुठला मार्ग, ते प्रत्येक घरी सांगता येत नाही, पण दाटीवाटी, गरिबी आणि अस्वच्छ पाणी यांच्यासोबत हा जंतू जातो हे जगभर दिसलं आहे. कॅन्सरचा जाब माणसाकडून काढून घराकडे, गावाकडे आणि नळयोजनेकडे नेणारी ही गोष्ट आहे. म्हणूनच कदाचित ती कुणाला फारशी आवडत नाही.

पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जठराचा कॅन्सर सर्वांत जास्त बळी घेणाऱ्या कॅन्सरांत होता. तो कोसळला, आणि जंतूचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी कोसळायला लागला. कुणी मोहीम काढली नव्हती. घरं मोठी झाली, मुलं कमी झाली, पाणी शुद्ध झालं, फ्रिज आला आणि मिठात मुरवलेलं अन्न मागे पडलं. यवतमाळात पाण्याचा प्रश्न लोकांना दुसऱ्याच नावानं माहीत आहे. केळापूर, झरी-जामणी भागातल्या हातपंपांचं फ्लोराइड, दातांवरचे डाग, वाकलेली हाडं. शहरात निळोणा आणि चापडोह आटले की टँकर. कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, उन्हाळ्यात पाण्यासाठी करावी लागणारी पायपीट. या पाण्याच्या मागणीत जठराचा जंतू हे आणखी एक कलम आहे, पण त्याचा लाभ आजच्या मुलांना त्यांच्या साठीत मिळेल. मतांच्या हिशेबात न बसणारं कलम.

मग आजच्या पन्नाशीतल्यांचं काय? सरसकट औषध का नाही? तैवानच्या मात्सू बेटांवर 2004 पासून सगळ्यांना तपासून औषध दिलं, जंतूचं प्रमाण 64 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर आलं आणि जठराच्या कॅन्सरच्या नव्या केसेस 53 टक्क्यांनी घटल्या. मोहक आकडा. पण बेटं छोटी होती आणि पूर्वीची स्थिती भयंकर होती. चीनच्या लिनछू परगण्यात 1 लाख 80 हजार लोकांवर झालेल्या प्रयोगात सुमारे बारा वर्षांनी घट दिसली ती 14 टक्के. तीही कॅन्सरचं माहेरघर असलेल्या भागात. आपल्याकडे मुळात दर कमी, त्यामुळे एक कॅन्सर टाळायला कितीतरी जास्त लोकांना दोन-तीन अँटिबायोटिक्स चौदा दिवस द्यावी लागतील. जुलाबावर सर्रास खाल्ल्या गेलेल्या मेट्रोनिडॅझोलला इथला जंतू बऱ्याच अंशी दाद देत नाही, क्लॅरिथ्रोमायसिनचाही भरवसा कमी होतो आहे. अर्धवट घेतलेला कोर्स म्हणजे जंतूला दिलेली शिकवणी. आणि एका खोलीत सहा माणसं राहत असतील तर लागण परत येते. सरसकट वाटपाला माझा विरोध आहे.

पण सरसकट नको म्हणजे काहीच नको असं होत नाही, आणि ‘खेड्यात हे जमत नाही’ या सबबीला उत्तर महाराष्ट्रातच दिलं गेलं आहे. जंतुजन्य दुसऱ्या एका कॅन्सरच्या बाबतीत, गर्भाशयाच्या मुखाच्या. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयाच्या आधारानं उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत 30 ते 59 वयाच्या सुमारे 1 लाख 31 हजार स्त्रियांवर अभ्यास झाला. एकदाच, आयुष्यात एकदाच, एचपीव्ही विषाणूची तपासणी. आठ वर्षांत तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरनं 34 मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात 64. 2009 मध्ये हे जगासमोर आलं. तपासणीविना ठेवलेल्या गटाबद्दल नैतिक वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण मला खटकतं ते पुढचं. उस्मानाबादच्या बायांनी पुरावा जगाला दिला, जगानं त्यावर धोरणं बेतली आणि आपल्या उपकेंद्रातल्या नेहमीच्या तपासणीत एचपीव्हीची ती चाचणी आली नाही. म्हणजे अडलं ते खेड्यामुळे नव्हतं.

जठराच्या बाबतीत गरज त्याहून साधी आहे. शौचातून जंतू ओळखणारी तपासणी ग्रामीण रुग्णालयात होऊ शकते, दुर्बिणीची गरज नसते. तिथे अल्सरवाला, वर्षानुवर्षांचा गॅसवाला, लोह घटलेला माणूस तपासला जावा. पन्नाशीनंतर नव्यानं भूक मेली, वजन उतरलं, घास अडकू लागला, काळं शौच झालं, तर दुसरी पट्टी देण्याआधी दुर्बीण. हे मेडिकलवाल्यालाही शिकवता येतं, कारण खरा पहिला डॉक्टर तोच आहे, आपल्याला आवडो न आवडो. महात्मा फुले जन आरोग्य योजना दाखल झाल्यानंतरच्या पॅकेजवर उभी आहे. कॅन्सरचं ऑपरेशन, केमो यांना ती पैसे देते. त्याआधीच्या दहा वर्षांत एका तपासणीला पैसे द्यायला तिच्याकडे खाना नाही. आणि यवतमाळला कर्करोग नोंदणी हवी, नुसती महाविद्यालयातल्या रुग्णांची नव्हे, सेवाग्राम, नागपूर, नांदेड, आदिलाबाद इथे गेलेल्यांची माहिती परत आणणारी.

पैसे कुठून येतील असं कुणी विचारेल. सुरुवातीला फारसे लागत नाहीत. जठराच्या कॅन्सरच्या रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना आणि मुलांना धोका इतरांपेक्षा दोन-तीन पट असतो, आणि ती त्याच घरात, त्याच ताटात वाढलेली असतात. त्यांना तपासून, जंतू सापडला तर औषध द्यावं यावर तज्ज्ञांचं एकमत आहे. दक्षिण कोरियात अशा 1,600 हून अधिक नातेवाइकांवर झालेल्या अभ्यासात औषधानं कॅन्सरचा धोका निम्म्याहून खाली आला, 2020 मध्ये ते छापून आलं. आपल्याकडे रुग्णाच्या फायलीत त्यांच्यासाठी एक ओळही नसते. ती माणसं शोधायला सर्वेक्षणही लागत नाही. नागपूरच्या वॉर्डात डबा घेऊन तीच तर बसलेली असतात, आणि जागरणानं पित्त झालं म्हणून खाली मेडिकलवरून गॅसची गोळी आणतात.